तुझं खातं देतोस का?

फसवणुकीचा पैसा एका जागी थांबत नाही. मुलुंडच्या एखाद्या निवृत्त गृहस्थाने घाबरून पाच लाख रुपये पाठवले की थोड्याच वेळात ते चार-पाच खात्यांत फुटतात, तिथून आणखी वीस-पंचवीस खात्यांत. मग कुठे एटीएममधून रोकड निघते, कुठे क्रिप्टो चलन विकत घेतलं जातं आणि माग संपतो. पोलिसांच्या बोलण्यात या टप्प्यांना 'लेयर' म्हणतात. तपास अधिकारी सुरुवात करतो ती पहिल्या लेयरपासून, म्हणजे पैसा ज्या खात्यात आधी पडला तिथून. त्या खात्याच्या मालकाचं नाव, पत्ता, पॅन, आधार, फोटो, सगळं अगदी खरं असतं. फक्त तो मालक सूत्रधार नसतो. बऱ्याचदा तो बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असतो, किंवा दिवसभर बाइकवरून पार्सलं पोचवत असतो, आणि आपल्या नावावर कुणाचे पाच लाख येऊन गेले याचा त्याला पत्ताही नसतो.

हे खातं त्याने भाड्याने दिलेलं असतं.

व्यवहार फार साधा असतो. कॉलेजच्या कट्ट्यावर किंवा नाक्यावर ओळखीचाच कुणीतरी विचारतो, "तुझं खातं देतोस का? वापरत तर नाहीस. पाच-दहा हजार सुटतील." कारण विचारलंच तर ठरलेली उत्तरं तयार असतात: सेठच्या टॅक्सची भानगड आहे, गेमिंगचा पैसा आहे, शेअरचं काम आहे, सहा महिन्यांनी बंद करून टाक. मग 'किट' मागितलं जातं. किट म्हणजे पासबुक, चेकबुक, एटीएम कार्ड, नेट बँकिंगचा पासवर्ड आणि खात्याला जोडलेलं सिमकार्ड. सिम सर्वांत महत्त्वाचं, कारण ओटीपी तिथेच येतो. काही ठिकाणी पोरांना नवं खातं उघडायलाच नेतात, खर्च दलालाचा. बँकेत सही करून बाहेर आलं की किट दलालाच्या बॅगेत आणि नोटा पोराच्या खिशात.

बँकांनी ओळखपत्रांची पडताळणी कडक केल्यामुळे ही गरज वाढली आहे. खोट्या नावाने खातं उघडणं अवघड झालं, तेव्हा चोरांना खऱ्या नावाची खरी माणसं लागू लागली. गुन्हेगारांना आज तंत्रज्ञापेक्षा जास्त गरज आहे ती पाटी कोरी असलेल्या, नुकत्याच अठरा पूर्ण केलेल्या मुलामुलींची. अशा खात्यांना बँकवाले 'म्यूल अकाउंट' म्हणतात. ती हुडकण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने 'म्यूलहंटर' नावाची कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी प्रणाली तयार केली, आणि डिसेंबर 2024 मध्ये रिझर्व्ह बँकेने तिची घोषणा केली. अशी खातीच हुडकायला मध्यवर्ती बँकेला वेगळं यंत्र लागावं, एवढ्यावरूनच आकाराचा अंदाज यावा. केंद्रीय गृह मंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार 2024 या एका वर्षात देशात सायबर फसवणुकीत 22,845 कोटी रुपये गेले. आधीच्या वर्षी हा आकडा 7,465 कोटी होता. एवढा पैसा हवेतून जात नाही. तो कुणाच्या तरी खात्यातून जातो.

तरुणांसाठीच्या सायबर सुरक्षेच्या बहुतेक भित्तिपत्रकांवर चित्र ठरलेलं असतं: हुडी घातलेला, चेहरा अंधारात असलेला चोर आणि मोबाइलकडे भाबडेपणाने बघणारी मुलगी. अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यातल्या पोरांना हे चित्र हास्यास्पद वाटतं, आणि त्यात त्यांची चूक नाही. घरातल्या मोठ्यांच्या फोनमधली ॲप्स तीच लावून देतात, आजोबांना 'हा फोन घेऊ नका' म्हणून तीच ओरडतात. त्यांना फक्त संभाव्य बळी मानून पढवलं की त्यांच्या वाट्याला येणारा दुसरा धोका नजरेआड होतो: गुन्ह्यात वापरलं जाण्याचा.

याचं ठसठशीत उदाहरण बोरिवलीपासून लोकलने काही मिनिटांच्या अंतरावर घडलं. 4 ऑक्टोबर 2016 च्या रात्री ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. सातशेहून अधिक जणांची चौकशी झाली, 70 जणांना अटक झाली. आत बसलेली मुलं-मुली बहुतेक विशीतली, नुकती बारावी किंवा पदवी झालेली. इंग्रजी बरं बोलता येतं या भांडवलावर त्यांना नोकरी मिळाली होती. अमेरिकन ढंगात बोलायचं शिक्षण आणि हातात पाठ करायचा मजकूर देऊन रात्रपाळीला बसवलं जाई. काम काय, तर अमेरिकेतल्या माणसांना फोन लावून आपण तिथल्या आयकर खात्यातून बोलतोय असं सांगायचं, कर थकलाय, पोलीस दारात येतील अशी भीती घालायची आणि गिफ्ट कार्डांवरचे आकडे वाचून घ्यायचे. अशाच भारतीय कॉल सेंटरांच्या एका जाळ्यावर अमेरिकेच्या न्याय विभागाने त्याच महिन्यात आरोपपत्र खुलं केलं. त्यात अमेरिकेतल्या बळींची संख्या 15 हजारांहून अधिक होती. जुलै 2018 मध्ये तिथल्या न्यायालयाने त्या जाळ्याच्या अमेरिकेतल्या हस्तकांना शिक्षा सुनावल्या, काहींना 20 वर्षांपर्यंत.

मीरा रोडच्या मुलांना हे कळत नव्हतं का? काहींना पहिल्या दिवसापासून कळत होतं, काहींना आठवड्याभरात कळलं. तरी बहुतेक जण टिकले, कारण पगार वेळेवर होता, वर इन्सेन्टिव्ह होता, आणि समोरचा माणूस हजारो मैलांवर होता. पण त्यांच्यातच दोन पोरगे असे निघाले, अठरा-एकोणीस वर्षांचे, की ज्यांनी छाप्याच्या आधी सरळ वॉशिंग्टनच्या फेडरल ट्रेड कमिशनला फोन लावला आणि इथे काय चाललंय ते सांगितलं. परदेशात फोन करून बतावणी करायला शिकवलेल्या मुलांनी तेच कौशल्य वापरून खरं सांगितलं. सायबर जागृतीच्या कार्यक्रमांत या दोघांची गोष्ट कधी सांगितली जात नाही. का, ते मला कळलेलं नाही.

मीरा रोडची ती पद्धत आता उलटी फिरली आहे. अमेरिकनांना घातली जाणारी धमकी आज आपल्याला घातली जाते, फक्त आयकर खात्याच्या जागी सीबीआय, ईडी, मुंबई पोलीस किंवा दूरसंचार नियामक ट्राय ही नावं आली. 2024 मध्ये पवईच्या आयआयटीतल्या 25 वर्षांच्या एका विद्यार्थ्याला असाच फोन आला. तुझ्या नंबरवर 17 तक्रारी आहेत, तो बंद होऊ नये म्हणून पोलिसांचा दाखला लागेल, असं सांगून फोन 'सायबर पोलिसांना' जोडून दिला गेला. व्हॉट्सॲप व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस आला, मनी लाँडरिंगचा आरोप झाला, आधी 29,500 रुपये गेले आणि दुसऱ्या दिवशी उरलेले. एकूण 7 लाख 29 हजार. त्यानंतर त्याने इंटरनेटवर 'डिजिटल अरेस्ट' शोधून पाहिलं तेव्हा उमगलं.

ही बातमी आली तेव्हा अनेकांनी टोमणे मारले: आयआयटीत जाऊनही एवढी अक्कल नाही? त्या टोमण्यांत मोठी गफलत आहे. या सापळ्यात बुद्धीची परीक्षा कुठे होतच नाही. फोन ठेवू द्यायचा नाही, कुणाशी बोलू द्यायचं नाही, विचार करायला वेळ द्यायचा नाही, हीच सगळी युक्ती. एकट्या राहणाऱ्या, करिअर डागाळण्याच्या भीतीने आधीच ताणलेल्या हुशार मुलावर ती जास्तच चालते. भारतीय कायद्यात 'डिजिटल अरेस्ट' नावाची कुठलीही गोष्ट नाही. पण भर दुपारी हॉस्टेलच्या खोलीत गणवेशाकडे बघत बसलेल्या माणसाला कायदा आठवत नाही. मित्र आठवला तरच तो वाचतो.

इंटरनेटची भीती अंधेरीने फार आधीपासून पाहिली आहे. ऑगस्ट 2007 मध्ये लोखंडवाला भागातल्या 16 वर्षांच्या मुलाचं अपहरण झालं, दोन कोटींची खंडणी मागितली गेली आणि त्याचा खून झाला. आरोपींची त्याच्याशी ओळख ऑर्कुट या समाजमाध्यमावरून झाली, असं पोलिसांनी सांगितलं. ऑर्कुट म्हणजे काय हे तोवर मुंबईतल्या बहुतेक आईबापांना माहीत नव्हतं, त्या आठवड्यात सगळ्यांना कळलं. घरोघरी संगणकाच्या वायरी काढल्या गेल्या. पुढे जानेवारी 2012 मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना पुराव्याअभावी निर्दोष सोडलं, ती बातमी मात्र फार थोड्यांनी वाचली.

दहा वर्षांनी, जुलै 2017 च्या अखेरीस, अंधेरी पूर्वेतल्या 14 वर्षांच्या मुलाने जीवन संपवलं आणि 'ब्लू व्हेल' या ऑनलाइन खेळाचं नाव देशभर पसरलं. शाळांनी परिपत्रकं काढली, वाहिन्यांनी पन्नास पायऱ्यांच्या त्या कथित खेळाचे तक्ते दाखवले. जानेवारी 2018 मध्ये गृह राज्यमंत्री हंसराज अहिर यांनी संसदेत सांगितलं की तपासलेल्या एकाही प्रकरणात त्या खेळाचा सहभाग सिद्ध झालेला नाही. म्हणजे काही महिने आपण मुलांचे फोन एका अशा गोष्टीसाठी तपासत होतो जी बहुधा तिथे नव्हतीच, आणि ज्या दुःखाने एखादं मूल एवढं खचतं त्याची चौकशी राहून गेली. अशा प्रत्येक लाटेनंतर घरात एकच बदल उरतो: मुलं फोनमधलं काही सांगेनाशी होतात, कारण सांगितलं की फोन काढून घेतला जातो हे त्यांनी अनुभवलेलं असतं.

या न सांगण्यावरच एक अख्खा धंदा चालतो. अनोळखी सुंदर मुलीची रिक्वेस्ट, दोन दिवस गप्पा, मग व्हिडिओ कॉल, आणि कॉल संपायच्या आत त्याचं चित्रण तुमच्याच मित्रयादीच्या स्क्रीनशॉटसह तुमच्या फोनवर. 'पाच हजार पाठव, नाहीतर सगळ्यांना जाईल.' पाच दिले की पंधरा मागतात. पैसे देऊन हे थांबत नाही. देणारा गिऱ्हाईक आहे एवढंच त्यातून सिद्ध होतं. मुलींच्या बाबतीत बऱ्याचदा फोटो खरा नसतोही: इन्स्टाग्रामवरचा चेहरा आणि एआयने बनवलेलं शरीर. कायद्याला याने काही फरक पडत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 67 आणि 67अ अश्लील मजकूर प्रसारित करण्याबद्दल आहे, 66ई खासगीपणाच्या भंगाबद्दल, आणि चित्रातली व्यक्ती 18 वर्षांखालची असेल तर 67ब लागतं, ज्यात पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. वर्गातल्या मुलीचा तसा फोटो ग्रुपवर 'फक्त फॉरवर्ड' करणारा अकरावीचा मुलगाही त्यात येतो. बारावीच्या निरोप समारंभाच्या आधी हे एकदा स्पष्ट शब्दांत सांगायला हवं, कुजबुजत नव्हे.

फोटो पसरू नये यासाठी दोन मोफत सोयी आहेत आणि त्यांचं तंत्र समजून घेण्यासारखं आहे, कारण ते न कळल्यामुळे मुलं त्या वापरायला घाबरतात. 18 वर्षांखाली असताना काढलेल्या फोटोंसाठी 'टेक इट डाउन', मोठ्यांसाठी 'स्टॉप एनसीआयआय'. फोटो कुठेही पाठवावा लागत नाही. तुमच्याच फोनवर त्या फोटोवरून आकड्या-अक्षरांची एक माळ तयार होते, तिला हॅश म्हणतात. ती माळ फोटोच्या बोटाच्या ठशासारखी असते: तिच्यावरून फोटो पुन्हा तयार करता येत नाही, पण तोच फोटो कुणी चढवला तर ओळखता येतो. सहभागी कंपन्यांकडे फक्त हा ठसा जातो आणि त्या जुळणारा फोटो रोखतात. मर्यादाही आहे. खासगी चॅटमध्ये फिरणाऱ्या फोटोवर हे चालत नाही, आणि सगळ्या कंपन्या यात नाहीत.

ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबईत राज्य पोलिसांच्या सायबर जागरूकता महिन्याच्या उद्घाटनाला अभिनेते अक्षय कुमार आले होते. त्यांनी घरातला प्रसंग सांगितला: तेरा वर्षांची मुलगी ऑनलाइन गेम खेळत होती, समोरचा अनोळखी खेळाडू आधी कौतुक करत होता, मग तू मुलगा की मुलगी विचारलं, आणि मग नग्न फोटो मागितला. मुलीने गेम बंद केला आणि आईला जाऊन सांगितलं. सातवी ते दहावीला आठवड्यातून एक 'सायबर पीरियड' असावा, अशी मागणी त्यांनी मुख्यमंत्र्यांसमोर केली. बातम्यांत मागणी गाजली. मला त्यातलं 'आईला जाऊन सांगितलं' हे जास्त मोलाचं वाटतं. तासिका लावणं सरकारला जमेल. ते सांगणं शक्य होईल असं घर कुठल्या परिपत्रकाने होणार?

आणि अशी तासिका झालीच तर तिथे फक्त बळींच्या गोष्टी नकोत. 1 जानेवारी 2022 ला 'बुल्ली बाई' नावाचं ॲप आलं. त्यावर मुस्लिम महिलांचे फोटो त्यांचा लिलाव चालू असल्यासारखे लावले होते. पत्रकार, कार्यकर्त्या, विद्यार्थिनी. मुंबईच्या सायबर पोलिसांनी तपास सुरू केला तेव्हा पकडलेल्यांत बंगळुरूचा 21 वर्षांचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी होता आणि उत्तराखंडातली 18 वर्षांची मुलगी. वर्गात बसलेल्या पन्नासांपैकी एखादा उद्या फसेल, तसा एखादा उद्या हेही करेल. त्याच्याशीही कुणीतरी बोललं पाहिजे.

नोकरीच्या वाटेने होणारी भरती तर आता देशाबाहेर पोचली आहे. 'बँकॉकला डेटा एंट्री, पगार लाखाच्या आसपास, तिकीट कंपनीचं' अशी जाहिरात टेलिग्रामवर किंवा ओळखीच्या एजंटमार्फत येते. विमानतळावर उतरल्यावर गाडी बँकॉकमध्ये न थांबता थायलंडच्या सीमेवरच्या मे सोतला जाते, तिथून मोई नदी ओलांडून म्यानमारच्या म्यावाडी भागात. पासपोर्ट काढून घेतला जातो आणि कुंपणाच्या आत दिवसाला अमुक इतक्या माणसांना फसवायचं काम दिलं जातं. मार्च 2025 मध्ये भारत सरकारने हवाई दलाच्या विमानांनी 549 जणांना तिथून परत आणलं. पुढच्याच महिन्यात महाराष्ट्र सायबरने 60 हून अधिक भारतीयांची सुटका झाल्याचं आणि एजंटांना अटक केल्याचं जाहीर केलं. मीरा रोडची मुलं सकाळी घरी तरी येत होती.

खातं भाड्याने देणाऱ्या पोराचं पुढे काय होतं? आधी खातं गोठतं. पैसे काढायला गेल्यावर समजतं की रकमेवर 'लीन' लागलं आहे, म्हणजे ती काढता येणार नाही. तक्रार हैदराबादची असेल तर तेलंगणा पोलिसांची नोटीस बोरिवलीच्या चाळीत येते, जयपूरची असेल तर राजस्थानची. एकाच खात्यातून पंधरा जणांचा पैसा फिरला असेल तर पंधरा ठिकाणची. 'मला माहीत नव्हतं' हा बचाव न्यायालयात मांडता येतो, पण किटच्या बदल्यात पैसे घेतलेले असतात आणि तेच पोलीस आधी विचारतात. जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 111 मध्ये संघटित गुन्ह्यांच्या यादीत सायबर गुन्हेही आहेत, आणि त्या कलमाखाली टोळीचा सदस्य ठरल्यास किमान पाच वर्षांची शिक्षा आहे. पाच हजारांच्या लोभाला हा भाव जास्त आहे. खातं आधीच दिलेलं असेल तर बँकेत लेखी अर्ज देऊन ते बंद करणं, सिम ब्लॉक करणं आणि पोलिसांकडे स्वतःहून जाणं, याच क्रमाने, आणि नोटीस येण्याआधी.

पैसा गेला असेल तर जायचं कुठे, याचा उपनगरात अजून गोंधळ आहे. मुंबईत सायबर पोलीस ठाणं 2009 मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात सुरू झालं. 2021 मध्ये विभागवार पाच ठाणी झाली: घाटकोपर-मुलुंडसाठी पूर्व विभागाचं गोवंडीला, बोरिवलीसाठी उत्तर विभागाचं कांदिवलीच्या समता नगरात, अंधेरीसाठी पश्चिम विभागाचं बीकेसीत. पण पहिल्या तासात तिथे धावायची गरज नाही, आणि जवळच्या पोलीस ठाण्यात 'हे आमच्या हद्दीत येत नाही' असं म्हणून परत पाठवता येत नाही, गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. आधी 1930 ला फोन. हा नंबर लागला की तक्रार थेट संबंधित बँकांच्या यंत्रणेत जाते आणि पैसा ज्या लेयरमध्ये असेल तिथे तो रोखून धरायचा प्रयत्न होतो. म्हणून मिनिटं महत्त्वाची. ओळखीच्या काकांना विचारू, बाबा संध्याकाळी आल्यावर बघू, असं करता करता पैसा तिसऱ्या लेयरला पोचतो.

फोन लावण्याआधी कागदावर चार गोष्टी लिहून ठेवा, कारण त्या विचारल्याच जातात आणि थरथरत्या हातांनी ॲपमध्ये शोधताना सापडत नाहीत: आपल्या बँकेचं नाव आणि खाते क्रमांक, गेलेली रक्कम, व्यवहाराची तारीख-वेळ, आणि यूपीआय व्यवहाराचा 12 अंकी यूटीआर क्रमांक. रक्कम तीन हप्त्यांत गेली असेल तर तीन यूटीआर, वेगवेगळे.